चोर सोडून इंजिनाला फाशी

डिझेल मोटारींचं पुढे काय होणार, हा हल्ली कुठल्याही कट्ट्यावर तापणारा विषय आहे, आणि तो तापला की थोड्याच वेळात गाडी अमेरिकेवर येते. युरोपने डिझेल मोटारी डोक्यावर घेतल्या, आपणही घेतल्या, मग अमेरिकेने का नाही घेतल्या? बहुतेकांकडे उत्तर तयार असतं: जनरल मोटर्सच्या घरातली ओल्डस्मोबाईल. जनरल मोटर्सने 1978 च्या मॉडेलपासून पेट्रोलच्या इंजिनात डिझेल ओतलं, इंजिनं पटापट बसली, आणि एकदा पोळलेलं गिऱ्हाईक पुन्हा डिझेलच्या वाटेला गेलं नाही. यावर उत्तर द्यायला दुसरा पक्षही हजर असतो. तो म्हणतो, इंजिन वाईट नव्हतंच, अमेरिकन माणसाला ते सांभाळता आलं नाही. मग एक बाजू इंजिनिअरांना मूर्ख ठरवते, दुसरी गिऱ्हाइकांना आळशी ठरवते, आणि ज्यांनी निर्णय घेतले त्यांच्याकडे कुणाचंच बोट जात नाही.

हे इंजिन बदनाम झालं ते रास्तच झालं, असं माझंही मत आहे. पण आरोपपत्र चुकीचं लिहिलं गेलं. पेट्रोल इंजिनावरून डिझेल इंजिन बेतणं हा गुन्हा नव्हता. बेतताना केलेली काटकसर आणि विकताना केलेली घाई, हा गुन्हा होता. आणि अमेरिकेतल्या डिझेल मोटारीचं मरण या एकट्या इंजिनाच्या माथी मारणं हा तर निव्वळ आळस आहे.

घाई कशाची होती ते आधी पाहू. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि अमेरिकेला पहिल्यांदा पंपावरची रांग दिसली. डिसेंबर 1975 मध्ये कायदा झाला की प्रत्येक कंपनीने विकलेल्या सगळ्या मोटारींची मिळून सरासरी 1978 मध्ये गॅलनला 18 मैल आणि 1985 पर्यंत 27.5 मैल असली पाहिजे. गॅलनमागे कमी पडलेल्या दर दशांश मैलाला 5 डॉलर, आणि ते विकलेल्या प्रत्येक गाडीवर, असा दंड. लाखोंनी गाड्या विकणाऱ्या कंपनीसाठी हा हिशेब चेष्टेचा नव्हता. जनरल मोटर्सची कमाई होती मोठ्या, जड, ऐसपैस गाड्यांवर. त्या तशाच ठेवून सरासरी वर न्यायची तर डिझेलसारखा मार्ग नव्हता. त्याच आकाराची गाडी, तीच गुबगुबीत सीट, आणि मैल सुमारे पाव हिश्शाने जास्त. म्हणून 5.7 लिटरचं, आठ सिलिंडरचं, 120 अश्वशक्तीचं डिझेल इंजिन ओल्डस्मोबाईलच्या मोठ्या गाड्यांत आलं. पाठोपाठ ते कॅडिलॅक, ब्यूक, पाँटिअ‍ॅक, शेव्हरोलेट अशा भावंडांतही गेलं. 1980 च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये तर डिझेल हेच मूळ इंजिन होतं. डिझेल घेणारा माणूस चिक्कू असतो हा आपल्याकडचा समज तिथे लागू नव्हता. हे इंजिन खात्यापित्या घरांत गेलं, आणि बोभाटा एवढा मोठा झाला त्याचं एक कारण तेही असावं.

आता बिघाड. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की तिच्याच उष्णतेने तेल पेटलं पाहिजे. त्या काळच्या ओल्डस्मोबाईल पेट्रोल इंजिनात हवा साधारण 8 पट दाबली जायची, डिझेलमध्ये 22.5 पट. एवढा दाब सोसून सिलिंडर हेड (वरचं झाकण) ब्लॉकला (खालच्या मुख्य सांगाड्याला) घट्ट धरून ठेवायचं काम बोल्टांचं. इथे बोल्टांची संख्या आणि जागा पेट्रोल इंजिनाचीच ठेवली होती. दोन्ही इंजिनं मिशिगनमधल्या लान्सिंगला एकाच यंत्रसामग्रीवर तयार व्हावीत, नव्या यंत्रांचा खर्च पडू नये, हा त्यामागचा हेतू. काही हजार मैलांनी बोल्ट ताणायचे, हेड किंचित उचललं जायचं, दोघांमधलं गॅस्केट उडायचं, आणि रेडिएटरचं पाणी सिलिंडरमध्ये झिरपायचं. पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, त्याला वाट मिळत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मालक सकाळी स्टार्टर मारतो, एक दणका ऐकू येतो, आणि इंजिन जागच्या जागी अडकतं. गॅरेजात हेड उतरतं, फिटर नवं गॅस्केट टाकतो आणि तेच ताणलेले बोल्ट पुन्हा आवळून देतो, कारण पेट्रोल इंजिनावर तो आयुष्यभर तेच करत आलेला असतो. मग गाडी पुन्हा त्याच आजाराने त्याच गॅरेजात.

इथे विरुद्ध बाजूचा सगळ्यात जोरकस मुद्दा मान्य करायलाच हवा. बोल्टांची मांडणी पेट्रोल इंजिनाचीच राहिली म्हणून गॅस्केट उडाली, हे खरं आहे. मग ‘पेट्रोलचं इंजिन डिझेलवर चालवलं’ हे म्हणणं चूक कसं?

चूक असं, की बाकीचं इंजिन पेट्रोलचं नव्हतं. ब्लॉक नव्याने, जास्त जाड आणि मजबूत ओतलेला होता. क्रँकचे मेन जर्नल, म्हणजे क्रँक ज्यांवर फिरतो ते आस, पेट्रोल इंजिनात अडीच इंचांचे, इथे तीन इंचांचे. पुढे अमेरिकेतल्या शर्यतबाज मंडळींनी भंगारातून हेच डिझेल ब्लॉक शोधून आणले आणि त्यावर दणकट पेट्रोल इंजिनं बांधली. ज्या इंजिनाला जग ‘नाजूक पेट्रोल इंजिन’ म्हणून हिणवतं, त्याचा सांगाडा पेट्रोलवाल्यांना पेट्रोलच्या सांगाड्यापेक्षा भक्कम वाटला!

आणि पेट्रोलवरून डिझेल बेतणं हेच जर पाप असेल, तर ते पाप करून सुखाने नांदलेल्यांचं काय करायचं? फोक्सवॅगनची रॅबिट डिझेल 1977 पासून अमेरिकेत होती. दीड लिटर, 48 अश्वशक्ती, आणि तिचं इंजिन कंपनीच्याच पेट्रोल इंजिनावर बेतलेलं. ती हळू होती, खडखडायची, तिच्याही कुरबुरी होत्याच, पण कुणी तिच्या नावाने खडे फोडत बसलं नाही. बीएमडब्ल्यूचं सहा सिलिंडरचं टर्बो डिझेलही पेट्रोल इंजिनाच्याच कुळातलं, आणि ते फोर्डने 1984 मध्ये आपल्या लिंकन गाडीत बसवलं होतं. लांब कशाला जायचं? आपल्या डिझेल अँबॅसडरचं 1489 सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या पेट्रोल इंजिनावरूनच बेतलेलं होतं. 37 अश्वशक्तीत घाट चढताना मागच्या एसटीचा ड्रायव्हर काय काय बोलायचा ते सोडा, पण ते इंजिन चाललं, आणि गावोगावच्या फिटरांनी ते पाटावर बसून उघडलं आणि परत जोडलं. तेव्हा बेतण्यात खोट नव्हती. बेतताना कुठे पैसे वाचवायचे आणि कुठे नाही, हे कुणी ठरवलं, तो खरा प्रश्न आहे.

पैसे वाचवण्याची दुसरी जागा तर बोल्टांपेक्षाही बोलकी आहे. त्या काळी अमेरिकेत पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये पाण्याचा अंश असणं ही सर्रास गोष्ट होती. ट्रकवाल्यांना ते ठाऊक होतं, म्हणून ट्रकमध्ये पाणी वेगळं काढणारा वॉटर सेपरेटर असायचा. या मोटारींत तो दिला नाही. सिलिंडरकडे तेल ढकलणारा डिझेलचा इंजेक्शन पंप अत्यंत बारकाईने घासून बसवलेला असतो आणि त्याला वंगणही डिझेलचंच मिळतं. त्यात पाणी गेलं की गंज चढणारच. पंप गंजला, तेल फवारणारी नोझल बिघडली, की सिलिंडरमध्ये नको तेव्हा नको तेवढं तेल जाऊन आधीच कण्हणाऱ्या बोल्टांवर आणखी ताण. आता गिऱ्हाइकाने काय केलं पाहा. टाकीत पाणी झालं तर अल्कोहोल असलेली बाटली ओतायची, ती पाणी शोषून घेते, हा तिथल्या पेट्रोल गाडीवाल्यांचा जुना घरगुती उपाय. त्याने तोच डिझेलच्या टाकीत केला. त्या अल्कोहोलने पंपाच्या आतले सील आणि भाग खाऊन टाकले.

गिऱ्हाइकाला दोष देणारे हेच उदाहरण नाचवतात. ‘बघा, अडाण्यासारखं अल्कोहोल ओतलं!’ पण ज्या माणसाने आयुष्यात डिझेल मोटार पाहिलेली नाही, त्याला ती विकताना हे सांगायचं कुणी? विक्रेत्याच्या गॅरेजातल्या फिटरला बोल्ट नवे टाकायचे असतात हे शिकवायचं कुणी? शोरूममध्ये डिझेल इंजिन ‘नेहमीच्या गाडीसारखीच गाडी, फक्त मैल जास्त’ म्हणून खपवायचं आणि बिघडल्यावर ‘ही नेहमीच्या गाडीसारखी वापरायची नव्हती’ म्हणायचं, याला आपल्याकडे उलट्या बोंबा म्हणतात. एकीकडे मर्सिडीजचा विक्रेता 1936 पासून डिझेल मोटारी बनवणाऱ्या कंपनीचा शिकवलेला, त्याचं गिऱ्हाईकही ठरवून डिझेल घ्यायला आलेलं. दुसरीकडे ओल्डस्मोबाईलचा विक्रेता, ज्याच्या आवारात काल परवापर्यंत डिझेलचा वासही नव्हता. ‘अति घाई संकटात नेई’ ही पाटी लान्सिंगच्या रस्त्यावर नसावी बहुधा.

यावर एक समंजस आक्षेप येतो. नवं तंत्र पहिल्या फेरीत रडतंच. 1981 पासूनचा ब्लॉक सुधारला, शेवटची सहा सिलिंडरची आवृत्ती बरीच चांगली निघाली, मग थोडा धीर धरायला नको होता का? आक्षेपाचा पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याचा सर्वात चांगला पुरावा याच कंपनीच्या घरात आहे. 1933 च्या शिकागो प्रदर्शनात जनरल मोटर्सने आपली नवी दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनं मांडली होती, प्रदर्शनातल्या मोटार-जोडणीच्या दालनाला वीज पुरवायला. दिवसा ती चालायची, रात्रभर इंजिनिअर ती दुरुस्त करत बसायचे. त्यांतल्या यूजीन केटरिंग यांनी पुढे मिश्कीलपणे म्हटलं की, कुठल्या भागांनी त्रास दिला ते सांगायला वेळ पुरणार नाही, एवढंच सांगतो की तेल मोजायच्या पट्टीने त्रास दिल्याचं आठवत नाही. त्याच घराण्याचं इंजिन घेऊन पुढच्याच वर्षी, 26 मे 1934 रोजी, झेफर ही चकचकीत पोलादी आगगाडी डेन्व्हरहून शिकागोपर्यंतचे 1015 मैल मध्ये न थांबता 13 तास 5 मिनिटांत धावली. पुढच्या दोन-अडीच दशकांत अमेरिकन रेल्वेतून वाफेचं इंजिन हद्दपार झालं ते मुख्यतः याच कंपनीच्या डिझेल इंजिनांमुळे.

मग त्या इंजिनाचं बालपण इतकं रडकं असूनही ते तरलं आणि 1978 चं का बुडालं? कारण तिथे रडणं कारखान्याच्या माणसांसमोर झालं. रात्र जागणारे पगारी इंजिनिअर होते, मशीन त्यांच्याच मालकीचं होतं, आणि खर्च कंपनीचा होता. 1978 मध्ये तीच चाचणी लोकांच्या दारात, लोकांच्या खर्चाने झाली. पहिल्या फेरीत रडणं माफ, पण रडायची जागा कोणती, याला महत्त्व आहे. त्या वेळी मालवाहू ट्रकांची आणि रेल्वेची उत्तम डिझेल इंजिनं बनवणारे दोन-दोन विभाग जनरल मोटर्सच्याच छपराखाली होते. त्यांतल्या डेट्रॉइट डिझेलने स्वतंत्रपणे आखलेलं 6.2 लिटरचं इंजिन 1982 मध्ये पिकअप गाड्यांत आलं, पुढे सैन्याच्या हमवी या गाडीत गेलं, आणि त्याने फारशी नाचक्की केली नाही. म्हणजे घरात जाणकार नव्हते अशातला भाग नाही.

सुधारणेच्या बाबतीत पुण्याचं एक उदाहरण इथे चपखल बसतं. टाटांच्या टेल्कोने डिसेंबर 1998 मध्ये इंडिका आणली. भारतात आखलेली मोटार, डिझेलची स्वस्ताई, आणि पहिल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींचा पाऊस. दोन-अडीच वर्षांत कंपनीने गाडी सुधारून ‘व्ही-टू’ म्हणून पुन्हा बाजारात उतरवली, तीही उघडपणे, नवं नाव देऊन. लोकांनी मागचं विसरून ती घेतली, टॅक्सीवाल्यांनी तर इतकी घेतली की पुणे-मुंबई रस्त्यावर दुसरं काही दिसेना. ओल्डस्मोबाईलने 1981 चा चांगला ब्लॉक आणला तेव्हा ‘आधीचं चुकलं होतं, हे नवं आहे’ असं ठणकावून सांगितलं असतं तर? पण तसं म्हणायचं तर आधीच्या मालकांची बिलं कोण भरणार, हा प्रश्न उभा राहतो.

आता दुसरा समज: या एका इंजिनाने अमेरिकेत डिझेल मोटार मारली. इथेही विरोधकांचं जेवढं खरं आहे तेवढं देऊन टाकतो. 1981 मध्ये अमेरिकेतल्या नव्या मोटारींत डिझेलचा वाटा सुमारे 6 टक्क्यांवर गेला होता, आणि त्यात सिंहाचा वाटा जनरल मोटर्सचाच. त्या गाड्यांची जुन्या बाजारातली किंमत कोसळली. पुष्कळ मालकांनी डिझेल इंजिन उतरवून त्या जागी ओल्डस्मोबाईलचंच पेट्रोल इंजिन टाकून घेतलं, आणि दोघांचा साचा एकच असल्यामुळे ते बिनबोभाट बसलंही. (काटकसरीचा गिऱ्हाइकाला झालेला हा एकमेव फायदा.) सुक्याबरोबर ओलंही जळालं. इसुझूचं साधंसं डिझेल घेऊन आलेली शेव्हेट, माझ्दाचं डिझेल घेऊन आलेली फोर्ड एस्कॉर्ट, ती बीएमडब्ल्यू इंजिनाची लिंकन, यांतल्या कुणाचाच या भानगडीशी संबंध नव्हता, आणि तरीही त्या धूळ खात पडल्या.

पण त्या फक्त बदनामीमुळे पडल्या का? मग मर्सिडीजचं काय? त्या वेळी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मर्सिडीजमध्ये डिझेलचा वाटा फार मोठा होता, आणि त्यांच्या टिकाऊपणाबद्दल शत्रूही शंका घेत नसे. त्यांची बदनामी झालेली नसताना ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांची डिझेल विक्रीही ओसरली. रॅबिटचंही तेच. रोग न झालेला माणूसही त्याच सुमारास खाटेवर पडतो, तेव्हा साथ दुसरीच असली पाहिजे. ती होती पैशाची. डिझेल घ्यायचं कारण होतं स्वस्त तेल. ऑगस्ट 1984 पासून अमेरिकी सरकारने डिझेलवरचा केंद्रीय कर गॅलनला 15 सेंट केला. पेट्रोलवर तो 9 सेंट होता. म्हणजे आपल्याकडे शेतकरी आणि मालवाहतूक डोळ्यांपुढे ठेवून डिझेल वर्षानुवर्षं स्वस्त ठेवलं गेलं, त्याच्या बरोबर उलट. मग 1986 मध्ये कच्च्या तेलाचे भावच कोसळले. पेट्रोल इतकं स्वस्त झाल्यावर थंडीत इंजिन चालू होण्याइतकं तापून ‘थांबा’चा दिवा विझेपर्यंत किल्ली धरून कोण बसणार? गावाबाहेरच्या ट्रकच्या पंपावर जाऊन हाताला वास लावून कोण घेणार? त्यात धुरातल्या काजळीचे नियम कडक होत गेले. ते पाळायला मर्सिडीजने कॅलिफोर्नियातल्या गाड्यांना काजळी अडवणारी जाळी बसवली, तर ती जाळीच बिघडू लागली. उत्तम इंजिन, जाणकार विक्रेता, समजूतदार गिऱ्हाईक, सगळं असूनही गणित जमेना. ओल्डस्मोबाईलचं इंजिन सोन्याचं असतं तरी 1986 नंतर ते कितीसं खपलं असतं?

काजळीवरून काही जण आणखी पुढे जातात आणि म्हणतात, बरं झालं ते इंजिन बिघडलं, अमेरिकेची फुप्फुसं वाचली. युरोपात 2011 च्या सुमारास निम्म्याहून जास्त नव्या मोटारी डिझेलच्या होत्या, 2012 मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जाहीर केलं, आणि 2015 मध्ये डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीतली फोक्सवॅगनची लबाडी उघडी पडली, तीही अमेरिकेतच. धुराबद्दलचं म्हणणं खोटं नाही. पण त्याचं श्रेय ताणलेल्या बोल्टांना देणं मला जरा जास्तच वाटतं. आणि फोक्सवॅगनचं प्रकरण उलट माझ्याच बाजूने बोलतं. तिथे इंजिन छान चालत होतं. नियम पाळायला लागणारा खर्च टाळावा असं वाटलेली माणसं तिथेही होती.

जनरल मोटर्सच्या मालकांच्या तक्रारी अखेर फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेपर्यंत गेल्या. 1983 मध्ये तडजोड झाली, की कंपनीने तक्रारदारांशी लवादामार्फत एकेक करून निपटारा करावा. सरसकट भरपाई का नाही, म्हणून त्या तडजोडीवर तेव्हाही टीका झाली. पण त्या कागदांतली मला सर्वात बोलकी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. प्रकरण एकट्या डिझेलचं नव्हतं. डिझेलच्या इंजेक्शन पंप आणि नोझलांबरोबर त्याच कंपनीच्या पेट्रोल इंजिनांचे झिजणारे कॅमशाफ्ट होते, आणि वजन व पेट्रोल वाचवायला काढलेला, लवकर जाणारा ‘टर्बो हायड्रामॅटिक 200’ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही होता. वर्षं तीच, घर तेच. त्या गिअरबॉक्सने हात पोळले म्हणून अमेरिकेने ऑटोमॅटिक गाड्या सोडल्या, असं आजवर कुणी म्हटलेलं माझ्या ऐकण्यात नाही.